आधुनिक युद्धं का झाली, आणि त्यांची किंमत कोणी मोजली? मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभ्यासिकेत इतिहास शिकवताना आणि नंतर फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक एमपीएससीची आणि बी.ए.ची मुलं, काही माजी सैनिक, आणि काही 'आमच्या आजानं रझाकार (निजामाचं राज्य टिकवायला उभी राहिलेली सशस्त्र संघटना) डोळ्यांनी पाहिले' म्हणणारे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथं दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो, तिथं क्रमांक दिला आहे. ज्यांना दोन मार्कांपुरतं हवंय त्यांनी पहिल्या दोन ओळी घ्याव्यात.

१. सर, पहिलं महायुद्ध एका राजपुत्राच्या खुनामुळं झालं असं आठवीपासून वाचतोय. एका खुनानं एवढं होतं का?

खुनानं ठिणगी पडली. युद्ध मात्र माणसांनी निर्णय घेऊन केलं. २८ जून १९१४ ला सारायेव्होत ऑस्ट्रिया-हंगेरीचा वारस फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी यांना गाव्रिलो प्रिन्सिप या एकोणीस वर्षांच्या पोरानं गोळ्या घातल्या. ब्रिटन युद्धात उतरलं ४ ऑगस्टला. खरा इतिहास या मधल्या सदतीस दिवसांत आहे.

जुलैच्या पहिल्याच आठवड्यात जर्मनीनं ऑस्ट्रियाला सांगून टाकलं, काय करायचं ते करा, आम्ही पाठीशी आहोत. २३ जुलैला ऑस्ट्रियानं सर्बियापुढं अशा अटी ठेवल्या की त्या मान्य होऊच नयेत. सर्बियानं जवळजवळ सगळ्या मान्य केल्या, तरी २८ जुलैला युद्ध पुकारलं गेलं. सर्बियासाठी रशियानं फौज जमवायला घेतली. जर्मनीची लष्करी योजना अशी होती की रशिया तयार होण्याआधी बेल्जियममधून घुसून फ्रान्सला काही आठवड्यांत लोळवायचं. त्यामुळं थांबून बोलणी करायला कुणाकडं सवडच उरली नाही. सैन्य हलवणाऱ्या रेल्वेचं वेळापत्रक मुत्सद्द्यांच्या पुढं धावत होतं.

बांधावरच्या भांडणात कुऱ्हाड आधी कुणी उचलली हे पोलीस विचारतात. दोन्हीकडची भावकी आधीपासूनच काठ्या घेऊन का जमली होती, हे गावाला ठाऊक असतं. तोच दुसरा प्रश्न इथं विचारायचा.

२. 'व्हर्सायच्या तहामुळं दुसरं महायुद्ध झालं' असं नोट्समध्ये आहे. एवढंच लिहिलं तर चालेल का?

मार्क मिळतील, पण ते अर्धवट आहे. २८ जून १९१९ च्या तहात युद्धाची जबाबदारी जर्मनीवर टाकली गेली आणि १९२१ मध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई ठरली. त्याचा राग होताच, आणि १९२३ च्या महागाईनं तो वाढला. पण तहच एकटं कारण असता तर हिटलरला मतं लगेच मिळायला हवी होती. १९२८ च्या निवडणुकीत, म्हणजे तहाला नऊ वर्षं झाल्यावर, नाझी पक्षाला २.६ टक्के मतं पडली. १९२९ ला महामंदी आली, बेकारांचा आकडा साठ लाखांपर्यंत गेला, आणि जुलै १९३२ ला तोच पक्ष ३७.३ टक्क्यांवर पोचला.

पुढचा भाग नोट्समध्ये सहसा नसतो. नोव्हेंबर १९३२ मध्ये ही मतं ३३.१ टक्क्यांवर उतरली होती. पक्ष ओसरायला लागला असताना ३० जानेवारी १९३३ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चॅन्सेलर (पंतप्रधानासारखं पद) नेमलं, कारण माजी चॅन्सेलर फॉन पापेन आणि त्यांच्या गोटातल्या पुढाऱ्यांना वाटलं, याला आपण मुठीत ठेवू. म्हणजे तह, मंदी, आणि काही मोजक्या माणसांचा स्वार्थी हिशेब. तिन्ही लिहा. तिसरं लिहिलं नाही तर दोष परिस्थितीवर जातो आणि माणसं सुटतात.

३. दुसरं महायुद्ध नक्की कधी सुरू झालं धरायचं?

परीक्षेत १ सप्टेंबर १९३९, पोलंडवरचा हल्ला. चिनी माणसाला विचाराल तर तो ७ जुलै १९३७ सांगेल. त्या दिवशी बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलापाशी जपानी आणि चिनी सैन्यात चकमक झाली आणि पुढं आठ वर्षं युद्ध थांबलं नाही.

४. किती माणसं मेली? प्रत्येक पुस्तकात आकडा वेगळा कसा?

पहिल्या महायुद्धात सैनिकच ९० लाख ते १ कोटीच्या दरम्यान मेले. दुसऱ्यात सैनिक आणि नागरिक मिळून ७ ते साडेआठ कोटी. त्यातले सोव्हिएत संघाचे सुमारे २ कोटी ७० लाख, चीनचे दीड ते दोन कोटी. साठ लाख ज्यू लोकांना ठरवून, यादी करून, गाड्यांत भरून मारलं गेलं.

आकडे वेगळे असण्याची कारणं साधी आहेत. सैन्याकडं हजेरीपट असतो, त्यामुळं सैनिक बऱ्यापैकी मोजले जातात. उपाशी मेलेल्याचा, रस्त्यात मेलेल्या निर्वासिताचा, साथीत गेलेल्या लेकराचा हजेरीपट नसतो. तिथं जनगणनेवरून अंदाज बांधावा लागतो: इतके असायला हवे होते, इतकेच उरले. शिवाय कुणाला आकडा मोठा हवा असतो, कुणाला लहान. त्यामुळं एखादा लेखक शेवटच्या एककापर्यंत नेमका आकडा देत असेल तर माझा त्याच्यावरचा विश्वास कमी होतो. भूक आणि रोग युद्धात धरायचे की नाही, यावरही फार अवलंबून असतं. ते प्रश्न ७ आणि ८ मध्ये.

५. 'आजच्या युद्धात मरणाऱ्यांपैकी ९० टक्के सामान्य नागरिक असतात' हे वाक्य भाषणात वापरू का?

नका वापरू. हे वाक्य कित्येक वर्षं फिरतंय, पण अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा त्याला सगळीकडं लागू पडेल असा आधार सापडला नाही. प्रमाण युद्धागणिक बदलतं. पहिल्या महायुद्धात खंदकात अडकलेले शिपाई जास्त मेले. दुसऱ्यात ढोबळमानानं तीनांतले दोघं नागरिक. रशियातल्या लेनिनग्राडला ८७२ दिवसांचा वेढा पडला आणि लाखो लोक मुख्यतः भुकेनं गेले. टोकियोवर ९-१० मार्च १९४५ च्या एका रात्रीत आगबाँब पडले आणि सुमारे एक लाख माणसं संपली. उलट १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ सैनिक गेले, बेटावरचे नागरिक फक्त तीन.

६. आपले लोक इंग्रजांसाठी का लढले? आणि त्यात मराठवाड्यातले होते का?

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसं समुद्रापार गेली, ७४ हजारांवर परत आली नाहीत. दुसऱ्यात २५ लाख भरती झाले, सुमारे ८७ हजार गेले. भरती होण्याची कारणं बहुतेक घरगुती: नेमानं येणारा पगार, पेन्शन, घराण्यात चालत आलेली शिपाईगिरी. 'इंग्रजांवर प्रेम' हे कारण अगदी शेवटी येईल.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळं सातारा-रत्नागिरीकडं जशी मराठा पलटणीची भरती चाले, तशी इकडं नव्हती. पहिल्या महायुद्धात ११० वी मराठा लाईट इन्फंट्री मेसोपोटेमियात (आजचा इराक) कुट इथं वेढ्यात अडकली. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली, तेव्हा ती उपासमारीला आलेली होती.

पण निजामाचं राज्य युद्धाबाहेर नव्हतं. विसावी डेक्कन हॉर्स ही मुळात हैदराबादेतून निघालेली घोडदळाची पलटण १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत भाले घेऊन मशिनगनसमोर धावली. हैफाच्या १९१८ च्या मोहिमेत जोधपूर आणि म्हैसूरसोबत हैदराबादचे लान्सर (भालेवाले घोडेस्वार) होते. दिल्लीच्या तीन मूर्ती या तीन संस्थानांच्या सैनिकांसाठी उभ्या आहेत. आणि ब्रिटिश हवाई दलाच्या ११० व्या स्क्वाड्रनला 'हैदराबाद' हे नाव मिळालं, कारण तिची विमानं निजाम मीर उस्मान अली खान यांनी दिली होती. निजामाचा खजिना कशानं भरायचा? बऱ्याच अंशी शेतसाऱ्यानं. त्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांचा वाटा होता. ज्यानं आयुष्यात विमान पाहिलं नाही, त्या कुणब्यानं ते विकत घ्यायला हातभार लावला. त्याला कुणी विचारलं नाही.

७. आमच्या भागात तर एक गोळी सुटली नाही. मग महायुद्धाची झळ इथं कशी म्हणता?

गोळी हा युद्धाचा सगळ्यात छोटा भाग असतो. १९१८ च्या उन्हाळ्यात इन्फ्लुएन्झाची साथ जहाजांवरून मुंबईत उतरली आणि रेल्वेच्या वाटेनं देशभर गेली. सैन्याच्या हालचालींनी ती जगभर पसरवली होती. त्याच साली पाऊस दगा देऊन गेला, धान्य महागलं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट उपाशी माणसांवर आली. हिंदुस्थानात त्या साथीनं सव्वा ते पावणेदोन कोटी माणसं नेली असा अंदाज आहे. १९११ ते १९२१ हे जनगणनेच्या इतिहासातलं एकमेव दशक, ज्यात देशाची लोकसंख्या घटली. तुमच्या घराच्या वंशावळीत त्या सुमाराला एखादी फांदी एकदम खुंटलेली दिसली, तर साल नक्की तपासा.

दुसऱ्या महायुद्धाची आठवण जुन्या माणसांकडं 'लेव्ही' या नावानं आहे. संस्थानात शेतकऱ्याकडून ठरलेल्या भावानं सक्तीनं धान्य घेतलं जाई. घरात ज्वारी किती उरते हे बघायची पद्धत नव्हती, आणि मोठा जमीनदार बहुधा अधिकाऱ्याला हाताशी धरून सुटत असे. तेलंगणातल्या शेतकरी उठावामागं जी कारणं होती, त्यांत वेठबिगारीसोबत ही लेव्हीसुद्धा होती.

८. १९४३ चा बंगालचा दुष्काळ युद्धाच्या बळींत धरायचा का?

माझ्या मते धरायचा. कारणांची साखळी बघा. १९४२ मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि तिथला तांदूळ बंद झाला. जपान बंगालमध्ये घुसला तर त्याच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारनं किनारपट्टीतल्या दहा माणसांहून जास्त नेणाऱ्या होड्या जप्त केल्या किंवा मोडल्या. खाडी-नद्यांच्या मुलखात होडी गेली म्हणजे मासेमारी आणि बाजार दोन्ही गेले. किनाऱ्यावरचा जादा तांदूळही उचलला. ऑक्टोबर १९४२ ला चक्रीवादळ आलं. दरम्यान युद्धखर्चासाठी नोटा छापणं चालूच होतं. कोलकात्यातल्या कारखाना-कामगारांना आणि सरकारी नोकरांना धान्य पुरवलं गेलं. खेड्यातल्या शेतमजुराला, कोळ्याला मिळालं नाही, कारण तांदळाचा भाव त्याच्या मजुरीच्या कितीतरी पट पुढं निघून गेला होता.

अमर्त्य सेन यांनी दाखवलं की १९४३ मधला धान्यसाठा १९४१ पेक्षा कमी नव्हता. धान्य होतं, विकत घ्यायची ऐपत नव्हती. या आकड्यांवर अभ्यासकांत वाद आहे, पण १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्याला हा मुद्दा वेगळा समजावून सांगायची गरज नाही. बाहत्तरला रोजगार हमीची कामं निघाली, खडी फोडून का होईना हातात पैसा पडला. त्रेचाळीसला बंगालात ते झालं नाही. सरकारी चौकशी आयोगानं १९४५ मध्ये पंधरा लाख मृत्यू मान्य केले. नंतरचे बहुतेक अंदाज तीस लाखांच्या आसपास आहेत. दुसऱ्या महायुद्धात लढताना गेलेल्या भारतीय सैनिकांशी (प्रश्न ६) हा आकडा ताडून पाहा.

९. १९४८ ची पोलीस ॲक्शन हे युद्ध होतं का? आणि तेव्हा किती माणसं गेली, हे कुणी नीट सांगत का नाही?

लष्करीदृष्ट्या ते युद्धच होतं. रणगाडे होते, विमानं होती, दोन्हीकडं नियमित फौज होती. १३ सप्टेंबरला सोलापूरच्या बाजूनं भारताचं सैन्य निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरलं, पहिली झुंज नळदुर्गला झाली, आणि १७ तारखेला निजामानं हत्यार खाली ठेवलं. हैदराबादचा प्रश्न तेव्हा संयुक्त राष्ट्रांपुढं गेलेला होता, त्यामुळं भारत सरकारला ही अंतर्गत बाब म्हणूनच मांडायची होती.

कारणांबद्दल इकडं शिकवायची गरज पडत नाही. कासिम रझवी लातुरातच वकिली करत होता. त्याच्या रझाकारांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली. हजारो कुटुंबं सोलापूर-बार्शीकडं सरहद्द ओलांडून गेली. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांचा निजामाविरुद्धचा लढा हा आपल्या अभिमानाचा भाग आहे आणि तो खरा आहे.

दुसरा भाग १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मुक्तिदिनाच्या, भाषणात येत नाही. फौज आल्यानंतरच्या दिवसांत अनेक ठिकाणी मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीला पाठवलं. त्यांच्या अहवालानं २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते, सोबत बिदर आणि गुलबर्गा. शेजारच्या मुसलमानांना आपल्या घरात लपवून वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्या अहवालात आहे. तो कित्येक दशकं दाबून ठेवला होता. २०१३ च्या सुमारास लोकांना पाहायला मिळाला. आकड्यावर मतभेद आहेत, प्रश्न ४ मध्ये सांगितलेली सगळी कारणं इथंही लागू पडतात. पण दोन्ही भाग एकाच इतिहासाचे आहेत. 'एक बाजू सांगा' असा आग्रह मला दोन्हीकडून होतो आणि मी तो दोन्हीकडून नाकारतो.

१०. अणुबाँब टाकला नसता तर जपान शरण आला असता का?

खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. हिरोशिमावर ६ ऑगस्टला आणि नागासाकीवर ९ ऑगस्टला बाँब पडले. त्याच ९ तारखेला सोव्हिएत फौजा मांचुरियात (जपानच्या ताब्यातला ईशान्य चीन) घुसल्या. १५ ऑगस्टला सम्राटाचं भाषण रेडिओवर लागलं. बाँबमुळं शरणागती झाली की रशियामुळं, यावर इतिहासकार आजही भांडतात. वाद नाही तो एवढा: १९४५ संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सत्तर हजारांवर माणसं गेली, आणि त्यात मजुरीला आणलेले हजारो कोरियन होते, ज्यांचा या युद्धाच्या निर्णयात काडीचा हात नव्हता.

११. लाखो माणसं मेली तरी त्याला 'शीत'युद्ध का म्हणायचं?

अमेरिका आणि रशिया यांच्या जमिनीवर ते थंड होतं म्हणून. कोरियात १९५०-५३ मध्ये वीस-पंचवीस लाखांवर माणसं गेली, आणि तिथं आजही फक्त युद्धविराम आहे, शांतता करार नाही. तिथल्या कैद्यांच्या परतीचं अवघड काम जनरल थिमय्यांच्या देखरेखीखाली भारतीय फौजेनं पार पाडलं. ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत जास्त ठळक यायला हवी.

लाओसचं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या देशाशी कुणी युद्ध पुकारलंच नव्हतं. लाओसमधून व्हिएतनाममध्ये जाणारी रसद तोडायची म्हणून १९६४ ते १९७३ मध्ये अमेरिकेनं तिथं वीस लाख टनांवर बाँब टाकले. त्यातल्या २७ कोटी छोट्या बाँबगोळ्यांपैकी सुमारे ८ कोटी फुटल्याच नाहीत. पन्नास वर्षांनंतरही शेत नांगरताना, पोरं खेळताना त्या फुटतात. युद्ध संपल्याची तारीख पाठ करताना हे लक्षात असू द्या.

१२. सगळी युद्धं शेवटी तेलासाठीच होतात ना?

कट्ट्यावर हे वाक्य हमखास जिंकतं. १९९० मध्ये सद्दामनं कुवेत गिळला त्यात तेल होतंच. पण १९७१ च्या युद्धात नव्हतं. तिथं निवडणुकीचा कौल नाकारला गेला, त्यानंतर पूर्व पाकिस्तानात कत्तल झाली आणि सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. फॉकलंडमध्ये अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीला घरची चिडलेली जनता शांत करायची होती. एकच किल्ली सगळ्या कुलपांना लावणारा माणूस पुढचा पुरावा बघायचं थांबवतो.

१३. युक्रेनमध्ये लढाई, आणि आमच्या खताच्या दुकानात त्याची चर्चा. संबंध काय?

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं मोठा हल्ला केला. युक्रेन सूर्यफूल तेलाचा सगळ्यात मोठा निर्यातदार, आणि आपण त्याचं मोठं गिऱ्हाईक. तेल अडकलं तशी सगळीच खाद्यतेलं महागली. (लातूर-उस्मानाबादकडं एकेकाळी सूर्यफूल भरपूर व्हायचं. ते पीक आपण का सोडलं, हा वेगळा लेख होईल.) रशिया आणि बेलारूस पोटॅश खताचे मोठे पुरवठादार, त्यामुळं खताचा पुरवठा आवळला. डीएपी खताची गोणी १३५० रुपयांवर ठेवण्यासाठी केंद्रानं गोणीमागचं अनुदान १६५० वरून २५०१ रुपये केलं. मे महिन्यात गहू निर्यात बंद झाली. शिवाय तिकडं डॉक्टर व्हायला गेलेली हजारो भारतीय मुलं तळघरांतून, सरहद्दीवरच्या थंडीतून परत आणावी लागली. त्यातल्या अनेकांची फी शेत विकून भरलेली होती.

१४. आमच्या घरात आजोबांचं पदक आहे, पण ते कुठं लढले कुणालाच माहीत नाही. कुठं शोधू?

आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडं बसा आणि मोबाईलवर बोलणं रेकॉर्ड करा. सनावळी विचारू नका, ती चुकते. कुठल्या दुष्काळानंतर, कुणाच्या लग्नाआधी, असं विचारा. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, पेन्शनची नोंद असेल तर पलटणीचं नाव तिथून निघू शकतं. संस्थानी फौजेत असतील तर हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात निजामकाळाची कागदपत्रं आहेत, पण बरीच उर्दू आणि फारसीत, तेव्हा वाचणारा सोबत न्या. युद्धात वारले असतील तर राष्ट्रकुल युद्ध-कबर आयोगाच्या यादीत नाव फुकट शोधता येतं. एकच आडनाव चार प्रकारे लिहिलेलं सापडेल, सगळे प्रकार टाकून पाहा. नाव दगडावर नसलं तरी खट्टू होऊ नका. इराकमधल्या बसरा इथल्या स्मारकावर भारतीय शिपायांची नावं कोरलीच नव्हती, पलटणीगणिक फक्त संख्या कोरली होती.

पदक पहिल्या महायुद्धाचं असेल तर बहुधा त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. राणीचं नाही, राजाचं तोंड असलेलं रुपेरी पदक बहुधा चांदीचंच असतं आणि त्यामुळंच पुष्कळ पदकं सराफाच्या मुशीत गेली. मोडीत घालायच्या आधी निदान कडेचा फोटो काढून ठेवा.